शहापूरचं अंगणवालं साडी दुकान : साडीचा रंग नक्की कुठं असतो ते इथं कळलं

बेळगावात साडी घ्यायची म्हटलं की लोक दोन-चार मोठी नावं सांगतात, मी त्यातलं एकही सांगणार नाही. मी लिहितेय ते शहापूरच्या एका बोळातल्या लहान दुकानाबद्दल, दर्शनी भाग एवढासा की बाहेरून बघितलं तर आत धड पन्नास साड्या तरी असतील का असं वाटतं. मालकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय, गर्दी झाली की अंगणात निवांत दाखवता येत नाही म्हणतात, म्हणून टाकत नाही. शहापुरात जाऊन "अंगणात नेऊन साडी दाखवतात ते दुकान" म्हणून विचारा, कुणीही सांगेल.

दुकानाची खासियत एवढीच आणि माझ्या मते एवढ्यासाठी बाकी सगळं माफ. आत गादी, गादीवर पांढरी चादर, वर ट्यूबलाईट, सगळं नेहमीसारखंच, पण एखादी साडी पसंत पडत आली असं दिसलं की मालक काका स्वतः उठतात, साडी खांद्यावर टाकतात आणि म्हणतात, "चला मागं." मागं जुन्या घराचा चौक आहे, वरून उघडा, कोपऱ्यात तुळस, एका बाजूला दगडी हौद. तिथं एक दोरी बांधलीय, तिच्यावर साडी सोडतात, पदर वेगळा, काठ वेगळा दिसेल असं, आणि मग लगेच काही बोलत नाहीत. आपण घाईनं "छान आहे हो" म्हणायला लागलो तर हात वर करून थांबवतात, "थांबा अक्का, डोळा बसू दे." दोन-तीन मिनिटं नुसतं उभं करतात. पहिल्यांदा मला वाटलं ह्यांची सवय असेल, नंतर कळलं की हा माणूस अगदी बरोबर करतोय, ट्यूबच्या उजेडातनं बाहेर आलेला डोळा लगेच सावरत नाही, त्याला नव्या उजेडाची सवय व्हायला वेळ लागतो.

हे मला एवढं का भावलं ते सांगते. मागच्या वर्षी मावसबहिणीच्या लग्नासाठी मी दुसरीकडं, नाव घेत नाही, एका भारी दुकानातनं वाईन कलरची साडी घेतली आणि तिथंच बाजूच्या काउंटरवर मॅचिंग ब्लाउजपीस. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितले, मी बघितलं, बहिणीनं बघितलं, काउंटरवरच्या पोरीनं बघितलं, तिघींनाही एकच रंग. लग्नादिवशी कार्यालयाच्या दारात उन्हात उभी राहिले तर साडी जांभळी आणि ब्लाउज चक्क तपकिरी! आत हॉलमध्ये गेले की पुन्हा दोन्ही एक. बाहेर आले की वेगळे. त्या दिवशी कितीतरी बायकांनी "ब्लाउज जुनं घातलंस होय गं" म्हणून विचारलं आणि मला मनापासून वाईट वाटलं, पैसे गेले म्हणून नाही तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलेलं होतं म्हणून. दुकानात परत गेले तर बदलून मिळणार नाही म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना तरी काय सांगणार, त्यांच्या लाईटात अजूनही दोन्ही एकच दिसत होते.

ह्याला मेटामेरिझम म्हणतात. आपल्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकुपेशी तीनच जातीच्या, म्हणजे धाग्यावरून परत येणारा उजेड कितीही भानगडीचा असला तरी डोळा त्याचा हिशोब तीन आकड्यांत उरकतो. त्यामुळं दोन वेगळ्या डायनं रंगवलेले धागे एखाद्या उजेडात तेच तीन आकडे देऊ शकतात आणि उजेड बदलला की एकाचे आकडे इकडं जातात, दुसऱ्याचे तिकडं. पिवळट बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, त्यात निळा भाग कमी, लाल-पिवळा जास्त, म्हणून तिथं जांभळ्यातला निळा दबतो. कापडाच्या धंद्यात रंग जुळवायला लाईट बॉक्स वापरतात, त्यात डी-६५ नावाचा ठरवून दिलेला दिवसाचा उजेड असतो, ६५०० केल्विनचा, शिवाय दुकानातल्या ट्यूबसारखा वेगळा आणि जुन्या बल्बसारखा वेगळा, आणि प्रत्येकात रंग जुळला तरच जुळला म्हणायचं. काकांकडं बॉक्स नाही, चौक आहे, काम तेच.

आता इथं माझा आवडता विषय येतो, थोडं सहन करा. मी धारवाडला तत्त्वज्ञानात एम.ए. केलं, नंतर नोकरी वेगळीच मिळाली, पण पहिल्या वर्षाला शिकलेलं एक प्रकरण कधी डोक्यातनं गेलं नाही. वस्तूचे गुण दोन तऱ्हेचे, असं जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १६९० च्या ग्रंथात मांडलं. आकार, लांबी-रुंदी, संख्या, घट्टपणा, हालचाल हे वस्तूत जसे दिसतात तसेच असतात, ते प्राथमिक. आणि रंग, चव, वास, आवाज हे दुय्यम, म्हणजे वस्तूत त्यांच्यासारखं काही नसतंच, वस्तूत असते ती आपल्यात तशी संवेदना उठवायची शक्ती. त्याच्या आधी १६२३ मध्ये गॅलिलिओनं हेच जरा तिखट भाषेत लिहिलं होतं, पीस नाकाला लावलं तर गुदगुल्या होतात, म्हणून गुदगुल्या काय पिसात असतात? आणि न्यूटननं १७०४ मध्ये सांगितलं की किरणसुद्धा रंगीत नसतात, रंगाची जाणीव उठवायची ताकद तेवढी असते. तेव्हा मी हे परीक्षेपुरतं लिहिलं, मार्क पडले, झालं. ते खरं कळलं शहापूरच्या त्या चौकात, आईमुळं.

आईला ह्या वर्षी सत्तर पूर्ण झाली, तिला एक चांगली रेशमी साडी घ्यायची म्हणून श्रावणात, पावसानं जरा उघडीप दिली होती तेव्हा, तिला घेऊन गेले. आईचं उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड महिन्यापूर्वी झालेलं, डाव्याचं अजून व्हायचंय. काकांनी एक कोनफळी, म्हणजे जांभळट रंगाची साडी काढली, हिरवा काठ, आत ट्यूबखाली आईला फार काही वाटली नाही. चौकात नेली, दोरीवर सोडली, डोळा बसू दे म्हणून थांबलो. आणि आई उभ्या उभ्या एकदा डावा डोळा झाकायला लागली, एकदा उजवा. मी म्हटलं काय झालं गं, डोळा खुपतोय का? तर म्हणाली, "अगं, ह्या डोळ्यानं बघितलं तर कोनफळी आहे बघ आणि ह्या डोळ्यानं बघितलं तर आमसुली. दोन साड्या असल्यासारख्या दिसालाइत."

मी गप्पच झाले. लॉकचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, एक हात गार पाण्यात ठेवायचा, एक गरम पाण्यात, मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घालायचे, एका हाताला ते गरम लागतं, दुसऱ्याला गार. पाणी तर एकच, ते एकाच वेळी गरम आणि गार दोन्ही कसं असेल? आई तेच करत होती, हातांऐवजी डोळ्यांनी, पाण्याऐवजी साडीवर. आणि तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

कारण साधं आहे. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदूत तर जास्तच, आणि पिवळं भिंग निळा उजेड अडवतं. वर्षानुवर्षं इतकं हळूहळू होतं की माणसाला समजत नाही, मेंदू सांभाळून घेतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात, निळा पुन्हा आत यायला लागतो, म्हणून ऑपरेशननंतर काही दिवस बऱ्याच जणांना सगळं निळसर दिसतं. क्लोद मोने ह्या चित्रकाराचं १९२३ साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि नंतर त्यालाही रंगांचा घोळ सोसावा लागला. आईच्या एका डोळ्यात नवं भिंग, एकात जुनं, म्हणजे घरातच दोन वेगळे साक्षीदार. म्हणजे इतकी वर्षं आई मला "ही साडी मातकट आहे गं" म्हणायची आणि मी "नाही गं आई, जांभळी आहे" म्हणून भांडायचे, त्यातलं किती भांडण भिंगाचं होतं कोण जाणे. मला त्या चौकात उभं राहून तिची माफी मागावीशी वाटली, मागितलीही, ती म्हणाली, "साडी बघ आधी."

मग मी काकांना विचारलं, थोडं मुद्दामच, की काका, खरा रंग कुठला मग? कोनफळी की आमसुली? माझ्या डोक्यात सगळे युक्तिवाद रांगेत उभे होते. काकांनी आईला विचारलं, "मावशी, दुसऱ्या डोळ्याचं पण करणार काय?" आई म्हणाली, हो, संक्रांतीनंतर. तर म्हणाले, "मग नव्या डोळ्यानं ठरवा. आता हाच डोळा राहणार तुम्हाला. जुन्या डोळ्यानं घेतलासा तर संक्रांतीनंतर साडी कपाटात बदलली असं वाटंल." असा सल्ला देणारा दुकानदार मी दुसरा बघितला नाही. आमसुली ढीगभर होत्या त्यांच्याकडं, खपवायच्या असत्या तर तेव्हाच खपल्या असत्या.

आणि त्यांचा दुसरा प्रश्न त्याहून भारी. "नेसणार कुठं? दिवसा का रात्री? देवळात का हॉलात?" हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात. तत्त्वज्ञानात जे म्हणतात ना की लाल असणं म्हणजे सामान्य बघणाऱ्याला सामान्य परिस्थितीत लाल दिसणं, त्यातली सामान्य परिस्थिती कुठली हा मोठा अडचणीचा प्रश्न आहे. दुपारचं ऊन? ढगाळ आभाळ? बेळगावात जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलंच असतं, मग चार महिने सगळ्या साड्यांचा रंग खोटा म्हणायचा काय? आणि सामान्य बघणारा कोण? युरोपातल्या आकड्यांप्रमाणं तिथं शंभरातल्या आठेक पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, बायकांत हे प्रमाण खूपच कमी. जॉन डाल्टन ह्या शास्त्रज्ञाला स्वतःच्या डोळ्याची ही गोष्ट कळली ती एका जिरेनियमच्या फुलामुळं, दिवसा त्याला ते फूल निळं दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल, बाकीच्यांना मात्र गुलाबीच, १७९४ साली त्यानं ह्यावर व्याख्यान दिलं. म्हणजे त्याच्यासाठी उजेड बदलला की फूलच बदलायचं. काका हा सगळा गुंता एका प्रश्नात सोडवतात, सामान्य परिस्थिती शोधत बसत नाहीत, तुमची परिस्थिती विचारतात.

बरं, हे वाचून काकांचं मत माझ्यासारखं असेल असं समजू नका, अजिबात नाही. आम्ही आत परत आलो तेवढ्यात लाईट गेली, नेहमीप्रमाणं. आत एकदम अंधार, कपाटातल्या साड्या सगळ्या राखाडी. मी सहज बोलले की लॉक म्हणतो, तांबडा-पांढरा पोर्फिरी दगड घ्या, त्याच्यावर उजेड पडायचा बंद करा, रंग गेला, दगडात तर काही बदललं नाही, म्हणजे रंग दगडात नव्हताच. काका अंधारातच हसले, म्हणाले, "काय ओ अक्का, रात्री दुकान बंद केलं की माझ्या साड्या काय बिनरंगाच्या होतात काय? रंग धाग्यात आहे, धागा पिंपात बुडवलाय, लाईट फक्त दाखवतोय." आणि खरं सांगते, त्या अंधारात त्यांनी हात घालून चौथ्या थरातनं बरोबर ती कोनफळी साडी बाहेर काढली.

हे अगदी आपल्या न्यायवाल्यांचं, म्हणजे न्याय ह्या जुन्या भारतीय दर्शनाच्या लोकांचं मत आहे. न्याय आणि त्याचं जोडदर्शन वैशेषिक, ह्या परंपरेत रूप (म्हणजे रंग), रस, गंध, स्पर्श हे वस्तूतलेच गुण, द्रव्याला चिकटून राहणारे, आणि उजेड हे बघण्यासाठी लागणारं नुसतं साहाय्य, उजेड नसला तर रंग दिसत नाही, पण नाहीसा होत नाही. रंग बदलायचा असेल तर वस्तूतच काहीतरी व्हावं लागतं. त्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे मडकं, कच्चं असताना काळपट आणि भट्टीत भाजलं की तांबडं, कारण आगीनं जुना रंग मारला आणि नवा आणला. माझे वडील खानापूरचे, तिथं कुंभारकाम पिढ्यान् पिढ्या चालतं, आणि लहानपणी मी भट्टीतनं निघणारी तांबडी मडकी बघून अगदी हाच विचार करायचे की हा तांबडा आधी कुठं होता. वैशेषिकवाले म्हणायचे मडक्याचे परमाणू सुटे होऊन भाजले जातात आणि पुन्हा जुळतात, नैयायिक, म्हणजे न्यायवाले, म्हणायचे छे, मडकं अख्खंच भाजतं, मधेच सुटं झालं असतं तर वर ठेवलेलं दुसरं मडकं खाली आलं असतं की. इतक्या बारकाईनं भांडलेत हे लोक.

लाईट आली तशी मी काकांना चिमटा घ्यायचा म्हणून गुळेदगुड्डचा खण मागितला, धूपछांव रंगाचा. गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात, इलकलही त्याच जिल्ह्यात, दोन्हीकडचा माल ह्यांच्याकडं चांगला असतो, तेवढ्यासाठी पण जायला हरकत नाही. धूपछांव म्हणजे उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा, मी घेतला त्यात उभा निळा, आडवा हिरवा. सरळ धरला तर एक रंग, तिरका केला तर दुसरा, आणि घडी पडली की मोरपंखी झळाळी मारतो. मी विचारलं, काका, मोरपंखी कुठल्या पिंपात बुडवला? एकही धागा मोरपंखी नाही. काका भिंग घेऊन बसले (त्यांच्याकडं धागे मोजायचं पितळी भिंग आहे), मला दाखवलं, निळा आणि हिरवा, निळा आणि हिरवा, मोरपंखी कुठंच नाही. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कापडात आहे." धाग्यात नाही, कापडात आहे.

मला अंगावर काटा आला, कारण ही चर्चा चारेकशे वर्षांपूर्वी ह्याच शब्दात झालेली आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह ह्या न्यायाच्या पाठ्यपुस्तकात रूपाचे सात प्रकार सांगितलेत, शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि सातवा चित्र. हा सातवा कशाला? तर रंगीबेरंगी कापडासाठी. शंका अशी की बाबा रे, वेगवेगळ्या रंगांचे धागे आहेत, आपल्याला धाग्यांचेच रंग दिसतात, कापडाला वेगळा रंग कशाला हवा? उत्तर असं की कापड ही धाग्यांहून वेगळी, एक अख्खी वस्तू, तिला स्वतःचा रंगच नसेल तर ती डोळ्याला दिसायलाच नको. आणि एका वस्तूचा रंग तिच्या थोड्या भागात असतो आणि थोड्यात नसतो असंही त्यांना चालत नाही, तो अख्ख्या वस्तूत पसरलेला पाहिजे. म्हणून चित्र हा वेगळा रंग मानला. पुढच्या काही नैयायिकांना हे पटलं नाही ते वेगळं, पण साडीच्या दुकानात बसून विचार करणाऱ्या माणसाला ही मांडणी किती जवळची वाटते बघा.

आणि खुद्द मोरपंखाची गंमत अशी की त्या पिसातला निळा-हिरवा कुठल्या निळ्या-हिरव्या रंगद्रव्यानं येत नाही, पिसाच्या अतिबारीक रचनेवर उजेड आपटून परततो त्यातनं तो तयार होतो. आपण मात्र साडीला मोरपंखी म्हणतो, डाळिंबी म्हणतो, अंजिरी, आमसुली, चिंतामणी, विटकरी, अबोली म्हणतो, मराठी बाई रंगाचं नाव नुसतं घेत नाही, वस्तू पुढं ठेवते. माझी आजी "तसला" म्हणून दाखवायला स्वयंपाकघरातनं आमसूल आणायची.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी लॉकच्या जवळ आहे पण पूर्ण त्याच्याकडं नाही. रंग नुसता आपल्या डोक्यात असता तर काकांना अंधारात साडी सापडूनही उपयोग झाला नसता, बाहेर काढल्यावर प्रत्येकाला काहीही दिसलं असतं. ती साडी ज्या त्या उजेडात ठरलेलंच वागते, आज चौकात कोनफळी, उद्या चौकात कोनफळी, पिवळ्या बल्बखाली नेहमी आमसुलीकडं झुकणार, ह्यात साडीची लहर नाही, ही तिची जात आहे. साडी, उजेड आणि डोळा तिघं एकत्र आले की रंग घडतो, आणि घडतो तो अगदी खरा. काकांना हे पटत नाही, ते म्हणतात घडत नाही, दिसतो. आमचं ह्यावर तीनदा बोलणं झालंय, तिन्ही वेळेला चहा त्यांनीच पाजला.

लांबीबद्दल मात्र आमचं एकमत. लोखंडी मीटरपट्टीनं समोर मोजून दाखवतात, साडेपाच मीटर आणि वर ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस, ट्यूबखाली मोजा नाहीतर चौकात. इथं लॉकनंतरचा तत्त्ववेत्ता बर्कली असता तर म्हणाला असता, लांबीसुद्धा जवळून-लांबून वेगळी दिसते, मग ती तरी वस्तूत कशी? १७१३ च्या संवादांत त्यानं लॉकला ह्याच मुद्द्यावर धरलंय, रंगाला एक न्याय आणि आकाराला दुसरा का म्हणून. काठ मलाही दुकानाच्या दारातनं बघितला तर बारीक वाटला आणि हातात घेतला तर रुंद. पण पट्टी लावली की चार इंच ते चार इंच, आणि शिंपी पट्टीवरच चालतो.

आता कामाच्या गोष्टी. साडी आम्हाला ५,२०० ला पडली, शुद्ध रेशीम, एक धागा काढून जाळून दाखवला, केस जळल्यासारखा वास आला. रेशमाची चकाकी काकांनी तिरपी धरून दाखवली, रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळं उजेड असा खेळतो. खण ३५० ला. भाव फार कमी करत नाहीत, थोडं गोल करतात एवढंच. फॉल-पिको तीन दिवसात देतात पण फॉलचा धागा चौकात जुळवून घ्या, तेवढं मात्र त्यांचा पोरगा आत बसूनच जुळवतो आणि आमच्या फॉलचा धागा दिवसा थोडा वेगळा दिसतोय, बापानं शिकवलेलं पोरानं अजून घेतलेलं नाही. गाडी लावायला जागा नाही, बोळात स्कूटर सुद्धा अडते. माल मोजका, भारी पैठणी बघायची असेल तर इथं मिळणार नाही. संध्याकाळी पाचनंतर जाऊ नका, कातरवेळी लाल रंग काळपट पडतो आणि निळा उगाच उजळ वाटतो, हा डोळ्याचाच स्वभाव, पुर्किन्ये नावाच्या माणसानं १८१९ च्या सुमाराला पहाटे फुलांकडं बघताना हे टिपलं होतं. काका स्वतःच पाचनंतर लाल साडी विकायला नाखूष असतात, "उद्या या" म्हणतात. पावसाळ्यात उघडीप बघून जा, अकरा ते तीन सगळ्यात चांगलं.

मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवून विचारत बसू नका, निदान रंगासाठी तरी. मोबाईल उजेडाचा अंदाज बांधून रंग स्वतःच सुधारतो. २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून सगळं जग भांडलं होतं आठवत असेल, काहींना निळा-काळा, काहींना पांढरा-सोनेरी, ड्रेस प्रत्यक्षात निळा-काळा होता. आमच्या कोनफळी साडीचा फोटो पुण्याच्या भावजयीला पाठवला तर तिनं "मरून छान आहे" म्हणून उत्तर दिलं.

साडी आई पहिल्यांदा नेसली ती भावाच्या वास्तुशांतीला, निपाणीला. सकाळी दारात होम चालू असताना कोनफळी, एकदम सुंदर. दुपारी आत पिवळ्या लाईटखाली बायका हळदीकुंकवाला बसल्या तेव्हा आमसुली. आई माझ्याकडं बघून डोळे आळीपाळीनं झाकत होती, मला लांबून दिसत होतं.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा फॉलच्या धाग्यासाठी कापला. संक्रांतीनंतर दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. पट्टी निघाली आणि आठवडा गेला की साडी पिशवीत घालून आईला पुन्हा त्या चौकात न्यायचं आहे, हे तिनंच सांगितलंय, काकांना पण सांगून ठेवलंय, ते म्हणाले दोरी रिकामी ठेवतो.